कोरड्या रानातले उंदीर मोजणारी ताई

फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात परदेशी ग्राहकांसमोर बोलत उभा होतो. भाऊजींचं नाव दिसलं, मी फोन कापला. लगेच पुन्हा वाजला. भाऊजींचा स्वभाव असा, की एकदा कुणी फोन उचलला नाही तर संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्यांदा करणार नाहीत. म्हणून मी बोलणं अर्धवट सोडून बाहेर आलो. "मिलिंद, ताई गेली," ते म्हणाले. आणि मग, "सकाळी विचारत होती, पाऊस कुठवर आलाय म्हणून..." त्याला आता सहा आठवडे झाले. घरी बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आलेली माणसं आपापल्या गावी गेली. आता जरा शांतपणे लिहिता येईल असं वाटतं.

ताई म्हणजे शशिकला, माझी मोठी बहीण. पुण्यातल्या एका महाविद्यालयात, प्राणिशास्त्र विभागात, तिने अख्खी नोकरी प्रयोगशाळा परिचर म्हणून केली. परिचर म्हणजे काचेची भांडी धुणारी, मुलांपुढे ट्रे मांडणारी, तास संपला की टेबलं पुसणारी. तिच्याकडे पदवी नव्हती. आणि याच बाईने दिवे घाटापलीकडच्या कोरड्या रानात जवळजवळ तीस वर्षं, दर महिन्याला जाऊन, तिथले उंदीर आणि चिचुंद्र्या मोजल्या. पाऊस लांबला, उन्हाळा लवकर तापला, अवकाळी पडला, तर त्या एवढ्याशा जिवांचं काय होतं, हे आपल्या भागात इतक्या चिकाटीने पाहणारं दुसरं कुणी मला तरी माहीत नाही. हे मी आज छाती काढून लिहितो आहे. पूर्वी इतक्या मोकळेपणाने सांगत नव्हतो, तेही पुढे येईलच.

आमचे वडील यवतमाळकडून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला आले आणि तिथल्याच क्वार्टर्समध्ये आम्ही दोघं वाढलो. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. बारावी शास्त्र चांगल्या गुणांनी पास झाली, बी.एस्सी.ला प्रवेशही मिळाला, आणि त्याच वर्षी आई आजारी पडली. वर्षभर ताईने घर सांभाळलं. आई गेल्यावर वडिलांनी तिला पुन्हा कॉलेजला जा म्हणून सांगितलं, पण तोवर त्याच कॉलेजात परिचराची जागा निघाली होती आणि ताईने अर्ज करून टाकला होता. वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शिकायला जायचं त्या ठिकाणी झाडायला जाते, हे त्यांना सहन होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताईने त्यांना एवढंच सांगितलं, की बाबा, आत तर शिरले ना मी. त्यावर वडील हसले की गप्प बसले ते मला आठवत नाही. माझी शाळा आणि पुढे माझं कॉलेज मात्र त्या नोकरीमुळे बिनघोर झालं.

प्रयोगशाळेत ती बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून प्राण्यांची लॅटिन नावं शिकली. विभागात इनामदार सर होते, फटकळ पण मनाने सरळ. एकदा त्यांनी वर्गात एका कवटीचं नाव विचारलं. सगळा वर्ग गप्प. कोपऱ्यात ट्रे पुसणाऱ्या ताईच्या ओठांची हालचाल सरांना दिसली. त्यांनी तिला विचारलं, तिने सांगितलं, आणि सर मुलांना म्हणाले की उद्यापासून टेबलं तुम्ही पुसा, बाई शिकवतील. ताई हा किस्सा स्वतः कधी सांगत नसे. मला तो सरांकडूनच कळला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सरांनी त्या रानातल्या लहान सस्तन प्राण्यांची मोजणी हाती घेतली. रान म्हणजे घनदाट जंगल नव्हे. खैर, हिवर, सालई, मधूनमधून धावडा, खाली गवत आणि दगड. आठ महिने वाळलेलं, चार महिने हिरवं. तिथे दर महिन्याला ओळीने काही दिवस पत्र्याचे साठ पिंजरे संध्याकाळी लावायचे आणि पहाटे उघडून बघायचे. सापडलेला प्राणी कापडी पिशवीत घालून तोलायचा, मादी गाभण आहे का पाहायचं, कानाला बारीक खूण करायची आणि जिथला तिथे सोडून द्यायचा. सुरुवातीला सरांबरोबर सात-आठ विद्यार्थी जात. ताई पिंजरे उचलायला म्हणून गेली. पण पिशवीतला उंदीर न दुखावता, स्वतःला चावू न देता धरणं फक्त तिलाच जमायचं. तीन-चार महिन्यांत तोलणं, तपासणं, लिहिणं सगळं तिच्याकडे आलं. पुढे विद्यार्थी कमी होत गेले. ती वर्षंच तशी होती. चौकाचौकात संगणकाचे क्लास निघाले होते, प्राणिशास्त्रात नाव घातलेली मुलंसुद्धा वर्षाच्या मध्यात तिकडे पळत होती. मीही त्यातलाच. शेवटी रानात जाणारे दोघंच उरले, सर आणि ताई. सरांचे गुडघे दुखायला लागल्यावर ती एकटी, किंवा रविवार असला तर भाऊजींच्या स्कूटरवर मागे पिंजऱ्यांची पोती बांधून.

रानाच्या कडेला एक वाडी आहे. तिथे पारूबाईंच्या घरी ती मुक्काम करायची. पारूबाईंना पहिली काही वर्षं या प्रकाराचं फार नवल वाटायचं. "आमी उंदरं मारायला बगतो आन् तुमी मोजायला. कसली नोकरी हाय ही?" असं त्या म्हणायच्या. पण त्यांच्याच अंगणात ताईने पर्जन्यमापक बसवला आणि त्यातलं पाणी रोज मोजून लिहून ठेवायला पारूबाईंच्या सुनेला शिकवलं. मला आठवतं, एका पावसाळ्यात मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं होतं, की यंदा सरासरीइतका पाऊस झालाय, तुझे उंदीर मजेत असतील. ती म्हणाली, "किती पडला ते सांगू नकोस. कधी पडला ते सांग." मग तिने समजावून सांगितलं. जूनमध्ये चार सरी येतात, गवत उगवतं. नंतर पाच आठवडे आभाळ कोरडं, गवत दाणा धरायच्या आत करपतं. मग सप्टेंबरात सगळा पाऊस एकदम. कागदावर सरासरी पूर्ण. पण दाणा नाही तर माद्या गाभण राहत नाहीत, राहिल्या तरी पिल्लं कमी, आणि त्याचा हिशोब दिवाळीनंतरच्या पिंजऱ्यांत दिसतो. मार्चमध्ये गारांचा पाऊस झाला तर बिळांत पाणी शिरतं, तेव्हाची पिल्लं जातात. हे तिने कुठे वाचलं नव्हतं. साठ पिंजरे दर महिन्याला उघडून तिला ते कळलं होतं.

तिचा लाडका होता काटेरी केसांचा एक छोटा उंदीर. तो बिळाच्या तोंडाशी बारीक खडे आणून रचतो. ताई खड्यांच्या रचनेवरून सांगायची की आत कुणी राहतंय की घर सोडून गेलंय. मला एकदा तिने असं एक बीळ दाखवलं. मी म्हटलं, नुसते खडे तर आहेत. ती म्हणाली, ओले कुठले आणि वाळलेले कुठले ते बघ. खालच्या बाजूने ओले असलेले चार-पाच खडे वर आलेले होते. म्हणजे ते त्याच पहाटे उलटवले गेले होते.

मग ती दोन वाईट वर्षं आली. ओळीने दोन पावसाळे फसले. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी यायचं एवढंच आम्हा शहरातल्यांना आठवतं. रानात गवत उगवलंच नाही. झुडपातला उंदीर आधी दिसेनासा झाला, मग मऊ केसांचा शेतउंदीर, मग चिचुंद्रीसुद्धा. ताईच्या वहीत दिवसामागून दिवस शून्यं लागली. नेमकी त्याच वेळी सरांच्या प्रकल्पाची तपासणी निघाली आणि बाहेरून एक तज्ज्ञ आले. त्यांनी वही चाळली आणि इंग्रजीत सरांना विचारलं, की ही नोंद कोण करतं. परिचर करते म्हटल्यावर त्यांनी वही मिटली. त्यांचं म्हणणं असं, की बाई रानात गेल्याच नसतील, घरी बसून शून्यं मांडली असतील. ताई तिथेच चहाचे कप ठेवत होती. तिला इंग्रजी कळत होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते बाहेर गेल्यावर सरांनी, कदाचित वाद टाळायला, तिला सुचवलं की ते महिने अहवालातून गाळून टाकू, बाकीचं काम चांगलं आहे, उगाच सगळ्यावरच संशय नको.

ताईने आयुष्यात सरांना उलट उत्तर दिलं ते तेवढं एकदाच. ती म्हणाली, "सर, त्या प्रत्येक दिवशी मी साठ पिंजरे उघडून बघितलेत. तुम्ही शून्य गाळलंत तर रानाला काय झालं तेच गाळाल." आणि मग ती स्वतः त्या तज्ज्ञांकडे गेली आणि मराठीतच म्हणाली की आपण उद्या माझ्याबरोबर चला.

ते आले, हे त्यांचं मोठेपण म्हटलं पाहिजे. पहाटे गारठ्यात, पायात चांगले बूट घालून, ताईच्या मागे मागे. पहिला पिंजरा रिकामा. दुसरा रिकामा. तिसाव्यापर्यंत सगळे रिकामे. आमिष म्हणून ठेवलेली बाजरी-शेंगदाण्याची गोळी जशीच्या तशी, फार तर मुंग्या लागलेल्या. ताईने त्यांना वाकून एकेक बीळ दाखवलं. तोंडांवर कोळ्यांची जाळी विणलेली, जाळ्यांवर धूळ बसलेली. आत-बाहेर कुणी गेल्याला कित्येक आठवडे झाले होते. सत्तावन्नाव्या पिंजऱ्यात एक काटेरी उंदीर सापडला. मादी, हाडं हाताला लागावीत इतकी हलकी. ताईने तिचा कान पाहिला आणि वहीचं मागचं पान उघडून दाखवलं, की हिला गेल्या हिवाळ्यात इथूनच पंधरा पावलांवर धरलं होतं, तेव्हाचं वजन हे. त्यांनी खूण ताडून पाहिली. ताईने तिला सोडलं तेव्हा ती पळाली नाही, सावकाश चालत दगडाखाली गेली. तज्ज्ञांनी वाकून दगडाखाली पाहिलं. मग म्हणाले, "बाई, मी काल जे बोललो ते तुम्हाला समजलं होतं ना?" ताई म्हणाली, हो. त्यांनी माफी मागितली, आणि परतताना अर्धे पिंजरे स्वतः उचलले. अहवालात सगळी शून्यं राहिली.

प्रकल्पाची मुदत यथावकाश संपली, सरही निवृत्त झाले. ताईने सरांकडून एका चिठ्ठीवर शिफारस लिहून घेतली, वनखात्याच्या कचेरीत ती दाखवून परवानगी काढली आणि स्वतःच्या रजेत मोजणी चालू ठेवली. का, असं विचारलं तर म्हणायची, पाऊस थांबला नाहीये ना अजून, मग मी कशी थांबू.

आता माझ्याबद्दल. मी तोवर संगणक कंपनीत लागलो होतो, पुढे अमेरिकेला जाऊन आलो, बाणेरला घर घेतलं. ऑफिसातले मित्र विचारायचे, बहीण काय करते. मी सांगायचो, कॉलेजात असते, संशोधनात. परिचर हा शब्द मी गिळत असे. ताईला हे ठाऊक होतं. माझ्या नव्या घराच्या गृहप्रवेशाच्या जेवणाला एका सहकाऱ्याने तिला, मॅडम, तुम्ही काय शिकवता, असं विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिकवत नाही. मी तिथे लॅब अटेंडंट आहे. उंदीर मोजते." सहकाऱ्याला तो विनोद वाटला. मला त्या दिवशी आपल्याच घरात कुठे उभं राहावं ते कळेना. त्यावरून ती मला कधी एका शब्दानेही बोलली नाही. महिन्याभराने वह्यांची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, हे सगळं तुझ्या संगणकात घालून दे, कागदाला कसर लागते आहे.

जवळजवळ वर्षभर रविवारी सकाळी आम्ही ते करत बसायचो. ती वाचायची, मी भरायचो. कामाच्या सवयीने मी शून्याच्या जागा मोकळ्या सोडत गेलो. तिने पडद्यावर पाहिलं आणि मला थांबवलं. शून्य वेगळं आणि कोरं वेगळं, ती म्हणाली. गेले आणि कुणी सापडलं नाही, ते शून्य. गेलेच नाही, ते कोरं. मी चार महिन्यांचं काम पुन्हा केलं. मग कुतूहल म्हणून कोऱ्या जागा किती आहेत ते पाहिलं. एवढ्या वर्षांत फक्त तीन दिवस सापडले, एकाच महिन्यातले, ओळीने. मी विचारलं, इथे काय झालं होतं? ताईने वहीची तारीख माझ्यापुढे धरली. आमचे वडील गेले ते दिवस होते...

शेवटच्या रविवारी मी पावसाची आणि उंदरांची रेघ एकाच पडद्यावर काढली. जिथे पावसात मोठे खंड, तिथे पुढच्या हिवाळ्यात उंदरांची रेघ खाली. एखाद-दोन बऱ्या पावसाळ्यांनी शेतउंदीर सावरायचा. झुडपातला उंदीर दोन वाईट वर्षांत गेला तो पूर्वीसारखा परत आलाच नाही. काटेरी उंदीर दगडांच्या आधाराने टिकून होता, पण त्याचीही रेघ वर्षागणिक थोडी उतरत होती. मी कंपन्यांचे केवढाले तक्ते काढले असतील, पण असा एकही नव्हता. मी विचारलं, "ताई, हे तुला आधीच माहीत होतं?" ती म्हणाली, "दिसत होतं. आता मोजून झालं."

पुढे बंगळूरहून एक तरुण शास्त्रज्ञ बाई कोरड्या रानांच्या जुन्या नोंदी शोधत पुण्यात आल्या. त्यांना कुणीतरी इनामदार सरांकडे पाठवलं, सरांनी ताईकडे. त्या दोन तासांसाठी आल्या आणि तीन दिवस राहिल्या. दोन वर्षांनी त्या सगळ्यावर शास्त्रीय निबंध छापून आला, लेखकांत ताईचं नाव होतं. पाठवायच्या फॉर्मवर पदनाम लिहायचं होतं. त्या बाईंनी 'क्षेत्र संशोधक' असं सुचवलं. ताई म्हणाली, आहे ते लिहा. तो छापील कागद मी माझ्या ऑफिसच्या टेबलावर काचेखाली ठेवला आहे, पदनामासकट, आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावतो.

निबंध आल्यावर तिच्याच महाविद्यालयाने तिचं व्याख्यान ठेवलं. ज्या सभागृहातल्या खुर्च्या तिने वर्षानुवर्षं पुसल्या तिथे ती मराठीत चाळीस मिनिटं बोलली. सर काठी घेऊन पहिल्या रांगेत. प्रश्नोत्तरात एका गृहस्थांनी विचारलं, की उंदीर कमी झाले तर बरंच नाही का? सभागृहात हसू पसरलं. ताईने ते ओसरू दिलं आणि ती शांतपणे म्हणाली, "आपल्याला उंदीर नकोत हे मान्य. घुबडांना विचारलंत का?" मग एका विद्यार्थिनीने विचारलं, की असंच तापत राहिलं तर पुढे काय होईल. ती म्हणाली, "गवतावर जगणारे आधी जातील. दगडांत राहणारे थोडे जास्त थांबतील. किती थांबतील ते मला माहीत नाही. कुणीतरी मोजत राहायला हवं." भाऊजी शेवटच्या रांगेत उभे होते. ते रडत होते हे त्यांनी अजूनही कबूल केलेलं नाही.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी आजार निघाला. ती गेली त्याच्या दोन महिने आधी मी तिला गाडीने रानात घेऊन गेलो. निम्मी टेकडी आता प्लॉटिंगवाल्यांनी आखली आहे, खांब रोवले आहेत. मला वाटलं ती हळहळेल. तिने फक्त उरलेल्या भागात पिंजरे कुठे हलवावे लागतील ते मला दाखवून ठेवलं, आणि मी ते नकाशावर नीट लिहितो आहे ना ते पाहत राहिली. दमली, तेव्हा एका सालईला टेकून बसली. मी तिला म्हटलं, ताई, मी लोकांना तुझ्याबद्दल खोटं सांगायचो. ती म्हणाली, "खोटं कुठे? संशोधनातच होते की मी." आणि मला हात देऊन उठवायला सांगितलं.

गेल्या आठवड्यात भाऊजींचा फोन आला. म्हणाले, महिना भरत आला, पिंजरे लावायचेत, येतोस का. आम्ही दोघं गेलो. पारूबाईंच्या सुनेने पावसाचं टिपण आधीच काढून ठेवलं होतं. पहाटे पहिल्या पिंजऱ्याशी पोचलो आणि मी झाकण उघडायला हात घातला, तसं भाऊजींनी माझं मनगट धरलं. "असं नाही," ते म्हणाले. त्यांनी गुडघे टेकले आणि बोटाच्या पेराने पत्र्यावर हलकेच दोनदा टकटक केली. ताई तसं करायची म्हणे, प्रत्येक पिंजऱ्याला, दर वेळी. आत कुणी असलं तर ते एकदम उजेडाने बिचकू नये, कुणीतरी आलंय एवढं त्याला आधी कळावं. मी इतक्या वर्षांत हे कधी पाहिलं नव्हतं. आम्ही कान लावून थांबलो. आतून बारीकशी खुडबुड झाली. भाऊजींनी वही माझ्याकडे दिली, पिशवी पिंजऱ्याच्या तोंडाला लावली आणि म्हणाले, "लिही."